अटॅचमेंट डिलीट करणारं जुनं एपीआय टूल डेप्रिकेट झालं की त्याचं पान कसं लिहायचं

मी नवी मुंबईत महापेला एका सॉफ्टवेअर कंपनीत डॉक्युमेंटेशन लिहिते. गेल्या काही महिन्यांत माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो अशा एका टूलच्या पानावर जे आम्हाला बंदच करायचंय. टीममधे आधी सगळ्यांचं म्हणणं होतं की वर एक पिवळी पट्टी टाक, डेप्रिकेटेड (म्हणजे पुढे बंद होणार, आता नव्याने वापरू नका) लिही, नवीन टूलची लिंक दे, झालं काम. मीही पहिल्यांदा तेवढंच केलं होतं. ते पुरलं नाही. का पुरलं नाही आणि आता मी असं पान कसं लिहिते ते सगळं इथे लिहितेय, कोणाला उपयोग झाला तर बरं.

आमचं सॉफ्टवेअर कारखान्यातल्या मशिनरीच्या नोंदी ठेवतं. पंप, कंप्रेसर, क्रेन, गिअरबॉक्स, प्रत्येकाचं एक इक्विपमेंट रेकॉर्ड आणि त्या रेकॉर्डला जोडलेल्या फाईली, म्हणजे मॅन्युअल, नेमप्लेटचा फोटो, ड्रॉइंग, टेस्ट सर्टिफिकेट, कॅलिब्रेशनचे कागद. ग्राहक बरेचसे इथलेच, रबाळे, पावणे, तुर्भे पट्ट्यातले, काही वागळे इस्टेटचे. या फाईली काढून टाकायला आमच्याकडे एक जुनं एपीआय टूल आहे, म्हणजे माणसाने क्लिक न करता दुसऱ्या प्रोग्रॅमने वापरायचं. नव्या टूलमुळे ते डेप्रिकेट केलं, पण चालू आहे अजून.

इथेच पहिली गोष्ट नीट समजून घ्या, डेप्रिकेटेड म्हणजे बंद झालेलं नाही. ठाण्यात दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते ना, सी-१ म्हणजे अतिधोकादायक, लगेच रिकामी करा, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे राहता राहता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. नोटीस लागते तेव्हा आत माणसं राहत असतात, त्यांचा गॅस चालू असतो, मुलं शाळेत जात असतात, आणि त्यांना नुसतं 'धोकादायक' एवढं सांगून भागत नाही, किती धोकादायक, कधीपर्यंत, कुठे जायचं हे सांगावं लागतं. डेप्रिकेटेड टूलच्या पानाचा वाचक हा आत राहणारा माणूस आहे. नवीन माणूस हे पान वाचणारच नाही, त्याला आपण नव्या टूलवरच पाठवतो. हे पान तोच उघडणार ज्याची स्क्रिप्ट, म्हणजे हे टूल वापरणारा छोटा प्रोग्रॅम, आज रात्री चालणार आहे किंवा काल रात्री चालून काहीतरी बिघडलंय.

मला हे कळलं ते एका फोनवरून. शुक्रवारी संध्याकाळी मी ठाण्याला नऊ नंबर प्लॅटफॉर्मवर उतरून पुलाकडे चालले होते, तुर्भ्याच्या एका कारखान्यातल्या मेंटेनन्स इन्चार्जचा फोन. सपोर्टला लागत नव्हता म्हणून त्यांनी कोणाकडून तरी माझा नंबर घेतला. त्यांच्याकडे एक स्क्रिप्ट होती, डबल अपलोड झालेले फोटो काढायची. त्या दिवशी एका ईओटी क्रेनच्या (छताखाली रुळांवर चालणारी विजेची क्रेन) रेकॉर्डवर ती चालवली, दोन फोटो काढायचे होते, आणि रेकॉर्डवरच्या अकराच्या अकरा अटॅचमेंट गेल्या, लोड टेस्टच्या सर्टिफिकेटसकट. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमच्या पानावर लिहिलंय, दिलेल्या अटॅचमेंट डिलीट होतात. आम्ही दोनच दिल्या होत्या." मी पुलावरच कडेला थांबले, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर दुसऱ्या दिवशी इंजिनिअरबरोबर बसल्यावर मिळालं. जुन्या टूलमधे सर्व्हरला जी रिक्वेस्ट जाते तिच्या पत्त्यात इक्विपमेंटचा आयडी जातो आणि कुठल्या अटॅचमेंट काढायच्या त्यांची यादी रिक्वेस्टच्या बॉडीत, म्हणजे आतल्या मजकुरात जाते. मेथड, म्हणजे रिक्वेस्टचा प्रकार, डिलीट. आता डिलीट रिक्वेस्टच्या बॉडीचं काय करायचं हे एचटीटीपीमधे, म्हणजे वेबवरच्या देवाणघेवाणीच्या नियमांत, ठरलेलंच नाही, ते नियम सांगणाऱ्या २०२२ च्या आरएफसी ९११० या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय की अशा बॉडीला सर्वमान्य असा अर्थ नाही आणि काही सर्व्हर अशी रिक्वेस्ट सरळ नाकारू शकतात. त्या कारखान्यात त्याच आठवड्यात नवीन प्रॉक्सी, म्हणजे मधे बसून रिक्वेस्ट पुढे पाठवणारा सर्व्हर, बसला होता. तो बॉडी गाळून रिक्वेस्ट पुढे पाठवत होता, आणि आमचं टूल यादी रिकामी दिसली की 'सगळ्या काढा' असं समजायचं. पूर्वी कोणीतरी रेकॉर्ड पूर्ण साफ करायची सोय म्हणून ते तसं ठेवलं होतं. कोडमधे होतं, पानावर नव्हतं. नवीन टूल काढायचं एक कारण हेच होतं, टीममधे सगळ्यांना माहीत होतं, ज्यांना माहीत असायला हवं त्यांना मात्र आम्ही फक्त 'नवीन टूल वापरा' सांगितलं होतं.

फाईली बॅकअपमधून परत आल्या, पण सोमवारी दुपारपर्यंत वेळ गेला. आणि ही साधी फाईल नसते. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम २९ खाली क्रेन, चेन, दोर यांची किमान बारा महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी सांगितली होती, लिफ्ट आणि हॉइस्टची कलम २८ खाली सहा महिन्यांतून एकदा. इन्स्पेक्शनला माणूस आला की तो आधी कागद मागतो. कागद सॉफ्टवेअरमधून गेला असेल तर मशीन कितीही ठणठणीत असो, उत्तरं त्या इन्चार्जला द्यावी लागतात. म्हणून डिलीट करणाऱ्या टूलचं पान लिहिताना मी आता दुसऱ्या कुठल्याही पानापेक्षा जास्त सावध असते.

तर आता प्रत्यक्ष कसं करायचं.

लिहायला बसायच्या आधी टूल स्वतः चालवून बघा. टेस्ट अकाउंटवर, आणि खऱ्यासारख्या रेकॉर्डवर. मी पी-१०१ ए आणि पी-१०१ बी असे दोन पंप बनवते, कारण कारखान्यात पंप बहुतेक जोडीनेच असतात, एक चालू एक स्टँडबाय, आणि दोघांचं मॅन्युअल एकच असतं. एकच मॅन्युअल दोन्ही रेकॉर्डला जोडायचं, शिवाय ए ला नेमप्लेटचा फोटो आणि एक सर्टिफिकेट. मग जुन्या टूलने ए वरून मॅन्युअल काढायचं आणि लगेच बी उघडून बघायचं. आमच्याकडे बी वरूनही मॅन्युअल गायब झालं होतं, कारण जुनं टूल जोडणी काढत नाही, फाईलच उडवतं. हे कोणी मला सांगितलं नव्हतं, जुन्या पानावर 'रिमूव्ह' असा शब्द होता, आणि रिमूव्ह म्हटलं की माणसाला वाटतं इथून काढलं, तिथे असेलच. डिलीटच्या पानावर क्रियापद फार जपून वापरा. जोडणी सुटते, फाईल ट्रॅशमधे जाते आणि फाईल कायमची जाते या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपलं टूल यातली कुठली करतं ते पानावर त्याच शब्दांत यायला पाहिजे.

मॅन्युअलचं झालं की उलटेसुलटे प्रकार करून बघा. यादीत एकच आयडी देऊन, दोन देऊन, एक बरोबर एक चूक देऊन, रिकामी यादी देऊन, बॉडीच न पाठवता. बरोबर-चूक मिश्र दिलं तर बरोबर असलेली निघते की पूर्ण रिक्वेस्ट फेल होते? आमच्यात बरोबर असलेली निघून जायची आणि रिस्पॉन्स मात्र ४०४ (सापडलं नाही) यायचा, म्हणजे बघणाऱ्याला वाटायचं काहीच झालं नाही. असलं काही सापडलं की ते दुरुस्त होण्याची वाट न बघता पानावर टाका, कारण बंद होणाऱ्या टूलमधे ते दुरुस्त होणारच नसतं बहुतेक वेळा. मग तीच रिक्वेस्ट लागोपाठ दोनदा पाठवा. फक्त बघण्याची परवानगी असलेल्या युजरने करून बघा. प्रत्येक वेळी काय पाठवलं आणि काय आलं ते जसंच्या तसं एका फाईलमधे उतरवून ठेवा, पुढे पानावरची उदाहरणं यातूनच येतात, आठवणीतून लिहिलेलं उदाहरण एखाद्या अक्षराने तरी चुकतंच.

ज्याने मूळ टूल लिहिलं तो माणूस कंपनीत असेल तर त्याच्याबरोबर अर्धा तास बसा. नसेल तर जुनी तिकिटं चाळा. मला 'रिकामी यादी म्हणजे सगळं' याचा उगम एका जुन्या तिकिटातच सापडला.

आता पान. सगळ्यात वरच्या चार ओळी या पूर्ण पानापेक्षा महत्त्वाच्या आहेत, कारण घाईतला माणूस तेवढंच वाचतो. आमच्या पानावर आधी असं होतं:

"सूचना: हे टूल डेप्रिकेटेड आहे. कृपया नवीन टूल वापरा."

आता असं आहे:

"हे टूल अजून चालू आहे, अमुक तारखेला बंद होईल. नवीन स्क्रिप्टमधे वापरू नका. सध्या वापरत असाल तर लक्षात घ्या: आयडींची यादी रिकामी गेली किंवा वाटेत गळली तर त्या इक्विपमेंटच्या सगळ्या अटॅचमेंट डिलीट होतात. फाईल दुसऱ्या इक्विपमेंटलाही जोडलेली असेल तर तिथूनही जाते. इथून डिलीट केलेली फाईल युजरला परत आणता येत नाही. याऐवजी 'अटॅचमेंट अनलिंक' वापरा, त्यात एका वेळी एकच अटॅचमेंट सुटते आणि फाईल ३० दिवस ट्रॅशमधे राहते."

यातला क्रम मी मुद्दाम तसा ठेवलाय. आधी चालू आहे की बंद, कारण वाचणाऱ्याच्या डोक्यात पहिला प्रश्न तोच असतो, माझी स्क्रिप्ट आज चालेल का. मग धोका. नवीन टूल सगळ्यात शेवटी. आधी मी नवीन टूल वर ठेवलं होतं, पण लोक लिंक दिसली की क्लिक करून जातात, धोका वाचतच नाहीत, आणि त्यांची जुनी स्क्रिप्ट मागे रात्री चालतच राहते. अजून एक, 'कृपया' काढलं. आपण काही विनंती करत नाही आहोत, माहिती देतोय.

खाली जुनं डॉक्युमेंटेशन पूर्ण ठेवा. हा मुद्दा मी टीममधे दोनदा भांडून घेतलाय. बऱ्याच जणांना वाटतं की डेप्रिकेटेड टूलचे पॅरामीटर, उदाहरणं वगैरे काढून टाकली तर लोक आपोआप नव्याकडे वळतील. तसं होत नाही. ज्याच्याकडे आधीच्या माणसाने लिहिलेली स्क्रिप्ट आलीय त्याला ती स्क्रिप्ट काय करते हे समजल्याशिवाय ती बदलताच येत नाही, आणि समजायचं कशावरून तर या पानावरूनच. जुनं समजलं तरच नवीन लिहिता येतं. फक्त एक करा, जुनं उदाहरण कॉपी करून चालवता येईल असं देऊ नका, आयडीच्या जागी खरा दिसणारा आकडा न ठेवता 'इथे-इक्विपमेंट-आयडी' असं काहीतरी ठेवा, म्हणजे चुकून कोणी तसंच चिकटवलं तर ते चालणार नाही.

तारखांबद्दल थोडं जास्त लिहिते कारण इथे गोंधळ फार होतो. तारखा दोन असतात, डेप्रिकेट झाल्याची आणि बंद होण्याची, दुसरीला सनसेट म्हणतात. दोन्ही पानावर हव्यात आणि दोन्ही रिस्पॉन्सच्या हेडरमधेही, म्हणजे उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींमधेही हव्यात, कारण स्क्रिप्ट पान वाचत नाही. सनसेट हेडर २०१९ च्या आरएफसी ८५९४ मधला, डेप्रिकेशन हेडर मार्च २०२५ च्या आरएफसी ९७४५ मधला. दोघांची तारीख लिहायची पद्धत वेगळी आहे, हे पानावर नक्की सांगा. सनसेटमधे वार, तारीख, महिना, वर्ष, वेळ आणि शेवटी जीएमटी असं वाचता येईल असं येतं. डेप्रिकेशनमधे ॲटचं चिन्ह आणि पुढे १९७० पासूनचे सेकंद, म्हणजे @१६८८१६९५९९ असा आकडा. तो बघून कोणाला काही कळत नाही. तो असतो ३० जून २०२३, रात्रीचे २३:५९:५९, पण जीएमटीप्रमाणे. आणि सनसेटची तारीख डेप्रिकेशनच्या तारखेच्या आधीची असून चालत नाही, तसा नियमच आहे, तेव्हा दोन्ही टाकल्यावर एकदा ताडून बघा.

जीएमटीचं का म्हणतेय, तर आपण साडेपाच तास पुढे. सर्व्हरवर महिन्याच्या शेवटच्या दिवशी २३:५९:५९ ला बंद म्हटलं की आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे पाच एकोणतीस झालेले असतात, म्हणजे रात्रपाळी संपत आलेली आणि पहिल्या पाळीचा माणूस अजून घरून निघतोय. टूल तीस तारखेला बंद होणार म्हणून कोणी निर्धास्त असेल आणि रात्री बारानंतर लागलेली स्क्रिप्ट चालूनच जाईल, किंवा पहाटे सहाला लागणारी अचानक फेल होईल आणि बघायला कोणी नसेल. पानावर भारतीय वेळ लिहा. शक्य असेल तर बंद करायची वेळच कामाच्या दिवशी सकाळी अकराची ठेवायला सांगा, शनिवार-रविवार आणि गणपतीचे दिवस टाळून. आमच्या मॅनेजरनी हे ऐकलं, मला बरं वाटलं.

मग येतं जुन्याकडून नव्याकडे कसं जायचं ते. इथे नुसती लिंक देऊ नका, तोच एक प्रसंग दोन्ही टूलने करून दाखवा. आमच्या पानावर पी-१०१ ए वरून दोन फोटो काढायचेत असं धरलंय. जुन्यात एक रिक्वेस्ट, बॉडीत दोन आयडी. नव्यात दोन रिक्वेस्ट, प्रत्येकीत आयडी पत्त्यातच, बॉडी नाही. बॉडीच नसल्यामुळे वाटेत गळण्यासारखं काही उरत नाही, हे एक वाक्य त्या उदाहरणाखाली लिहिलंय. जुन्याला इक्विपमेंटचा आणि फाईलचा आयडी लागायचा, नव्याला जोडणीचा आयडी लागतो, आणि तो मिळवायला आधी यादी मागवणारी एक रिक्वेस्ट करावी लागते. ही जास्तीची पायरी सांगितली नाही तर लोक फाईलचाच आयडी नव्या टूलला देतात, ४०४ येतो, आणि 'नवीन टूल चालत नाही' म्हणून परत जुन्यावर जातात. हे मी स्वतः सपोर्टच्या तिकिटांमधे बघितलंय, एकाच आठवड्यात चार वेळा.

आणि नव्यात जे होत नाही ते लपवू नका. एका झटक्यात सगळ्या अटॅचमेंट काढायची सोय नव्यात नाही, मुद्दाम ठेवलेली नाही. ज्याला खरोखर हवी असेल, समजा मशीन भंगारात गेलं आणि रेकॉर्ड साफ करायचंय, त्याने काय करायचं तेही लिहा. आमच्याकडे रेकॉर्ड आर्काइव्ह करायचं हे उत्तर आहे. उत्तर नसतं तर नाही असं लिहिलं असतं.

रिस्पॉन्स कोडचं थोडक्यात. डिलीट ही मेथड आयडेम्पोटंट आहे, म्हणजे तीच रिक्वेस्ट परत परत पाठवली तरी सर्व्हरवर परिणाम एकदाच पाठवल्याइतकाच. पण याचा अर्थ उत्तरही तेच येईल असा नाही, पहिल्यांदा २०४ (काम झालं) येतो, दुसऱ्यांदा ४०४ येऊ शकतो, आणि नेट तुटून स्क्रिप्टने रिट्राय केलं की नेमकं हेच होतं. पानावर लिहा की रिट्रायमधे आलेला ४०४ हा बिघाड नाही. टूल बंद झाल्यावर मात्र ४०४ देऊ नका, ४१० द्या. ४०४ वरून कळत नाही की अटॅचमेंट सापडली नाही की टूलच नाही. ४१० म्हणजे गेलं, कायमचं गेलं. आणि जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप रीडायरेक्ट करायचा विचार कोणी मांडला तर डिलीटच्या बाबतीत नको म्हणा, दोन्हींचा अर्थ वेगळा आहे, आयडी वेगळे आहेत, गुपचूप वळवलेली डिलीट ही मला तरी भीतीदायक वाटते.

ओपनएपीआयची फाईल (एपीआयचं ठराविक नमुन्यात लिहिलेलं वर्णन) असेल तर तिथे त्या ऑपरेशनवर डेप्रिकेटेड: ट्रू टाका, ती फाईल पानासारखी दाखवणाऱ्या स्वॅगर यूआयमधे ते नाव खोडलेलं दिसतं. पण तिथे फक्त हो किंवा नाही एवढंच सांगता येतं, कारण किंवा तारीख लिहायला जागा नसते, तेव्हा वरच्या त्या चार ओळी डिस्क्रिप्शनमधे पण टाका. चेंजलॉगमधे, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, डेप्रिकेटेड या मथळ्याखाली वेगळी नोंद करा आणि व्हर्जनचा मधला आकडा वाढवा, सेमॅंटिक व्हर्जनिंग या व्हर्जनचे आकडे देण्याच्या पद्धतीच्या नियमात डेप्रिकेट करताना मायनर व्हर्जन, म्हणजे हा मधला आकडा, वाढवायलाच हवा असं आहे.

पायथॉनची लायब्ररी देत असाल तर एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. डेप्रिकेशनवॉर्निंग हा इशारा पायथॉन मूळ सेटिंगमधे दाखवतच नाही, थेट चालवलेल्या मुख्य स्क्रिप्टमधून आला तर दिसतो, आत कुठे मोड्यूलमधून आला तर गिळला जातो. म्हणजे आपण समाधानात की इशारा दिलाय, आणि तिकडे स्क्रीनवर काही नाही. शेवटच्या वापरणाऱ्याला दिसायला हवा असेल तर फ्यूचरवॉर्निंग वापरायचा, तो दिसतो. आमच्या लायब्ररीत मी हे बदलून घेतलं, त्यानंतर पहिल्याच आठवड्यात तीन ग्राहकांचे फोन आले की हे काय येतंय. त्यासाठीच तर केलं होतं.

एआय असिस्टंटला टूल देत असाल, म्हणजे एमसीपी (असिस्टंटला बाहेरची टूल्स जोडायची पद्धत) वगैरे, तर तिथलं डिस्क्रिप्शन हेच डॉक्युमेंटेशन. मॉडेल तुमचं वेबवरचं पान उघडत नाही, त्या डिस्क्रिप्शनवरून ठरवतं कुठलं टूल वापरायचं. म्हणून पहिल्याच वाक्यात डेप्रिकेटेड, त्याऐवजी काय, आणि रिकामी यादी म्हणजे सगळं डिलीट हे तिन्ही बसवा. एमसीपीमधे डिस्ट्रक्टिव्हहिंट म्हणून एक खूण असते, ती न टाकल्यास टूल विध्वंसक असू शकतं असंच धरलं जातं, तरी मी ट्रू म्हणून स्पष्ट लिहिते. पण ही खूण म्हणजे फक्त सूचना आहे, कुलूप नाही. मी तर म्हणेन की डेप्रिकेट झालेलं डिलीट टूल असिस्टंटच्या यादीतून पहिल्या दिवशीच काढा. माणसाच्या स्क्रिप्टला मुदत द्यावी लागते, असिस्टंटला लागत नाही, तो दर वेळी यादी नव्याने वाचतो.

पान लिहून झालं की ते पोचवायचं काम राहतं, आणि ते मला लिहिण्यापेक्षा अवघड वाटतं. सर्व्हरच्या लॉगमधून कोण अजून जुनं टूल वापरतंय ती यादी काढा. आमच्याकडे ईमेल आयटीच्या माणसाला जात होते आणि स्क्रिप्ट होती मेंटेनन्सच्या कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरवर, तीन वर्षांपूर्वी एका ट्रेनी मुलाने लिहिलेली, तो मुलगा केव्हाच दुसरीकडे गेलेला. मेल वाचणारा एक आणि स्क्रिप्ट चालवणारा दुसरा. म्हणून मी एक पानी मराठी सूचना बनवली, ए-फोर कागदावर मोठ्या अक्षरात, टूलचं नाव, स्क्रिप्टमधे ते कसं ओळखायचं, काय धोका आहे, कधी बंद होणार, कोणाला फोन करायचा. तुर्भ्याच्या त्या इन्चार्जना पहिल्यांदा पाठवली. त्यांनी वाचून सांगितलं, "मॅडम, 'अनलिंक' आमच्या पोरांना नाही कळणार, 'रेकॉर्डवरून सोडवणे' लिहा." तसं लिहिलं. नंतर कामासाठी तिकडे जाणं झालं तेव्हा तो कागद मॉनिटरच्या बाजूला सेलोटेपने लावलेला होता, खाली त्यांनी पेनाने स्क्रिप्टच्या फाईलचं नाव आणि 'चालवू नये' असं लिहिलं होतं. आता मी अशी सूचना कोणाला तरी शॉप फ्लोअरवरच्या माणसाला वाचायला दिल्याशिवाय पाठवतच नाही.

शेवटी बंद झाल्यानंतरचं पान. ते काढू नका आणि त्याचा पत्ता बदलू नका. वरच्या चार ओळी बदलून भूतकाळात न्या: हे टूल अमुक तारखेला बंद झालं, आता ४१० येतो, तुमच्या स्क्रिप्टने काहीही डिलीट झालेलं नाही, पुढे हे करा. 'काहीही डिलीट झालेलं नाही' हे वाक्य नक्की ठेवा, डिलीट फेल झालेल्या माणसाला सगळ्यात आधी तेच जाणून घ्यायचं असतं. आणि ४१० च्या रिस्पॉन्सच्या मजकुरात या पानाचा पूर्ण पत्ता टाकायला इंजिनिअरला सांगा, रात्रपाळीच्या माणसासमोर तेव्हा फक्त ती एक काळी स्क्रीन असते.